केपला गेलेला माणूस



काही महिन्यांपूर्वी याच सदरात मी शाळेच्या जनरल रजिस्टरबद्दल लिहिलं होतं. जुन्या दाखल्यासाठी येणारी माणसं, वाळवीने कुरतडलेली पानं, बोरूने लिहिलेली नावं, असं बरंच काही. त्यावर पत्रं आली, फोन आले. त्यातला एक फोन मुंबईच्या एका वाचक भगिनीचा होता. "बाई, केपटाऊनहून आमच्या ओळखीच्या एक खाला येताहेत. त्यांचे पणजोबा तुमच्या हबसाणातले. पण गाव कोणतं ते त्यांना ठाऊक नाही. तुमच्या रजिस्टरात ते सापडतील का?"

मी हसून म्हटलं, "पणजोबा शाळेत गेले असतील तर सापडतील."

पणजोबा शाळेत गेलेले नव्हते. तरी सापडले. आणि ते सापडल्यावर आमच्या जवळच्या एका गावात, एका घराच्या पडवीत जे घडलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. घरातल्या बायकांनी सांगितलं, "लिही, पण नाव-गाव नको." म्हणून नाव-गाव देत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. हबसाण म्हणजे जुनं जंजिरा संस्थान; मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनचा मुलूख. इथली आणि रत्नागिरीकडची आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगली. आगबोटी आल्या तेव्हा कोणी खलाशी झाले, कोणी बॉयलरपाशी कोळसा ओढू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी त्यातले काही दक्षिण आफ्रिकेच्या अगदी टोकाला, केपटाऊनला उतरले आणि तिथेच राहिले.

दक्षिण आफ्रिकेतले हिंदुस्थानी म्हटलं की आपल्याला गिरमिटिये आठवतात. १८६० पासून १९११ पर्यंत ते मद्रास आणि कलकत्त्याहून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर गेले. आपले कोकणी त्यांतले नव्हेत. हे स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेलेले. कोणाची करारपत्रं नाहीत, मळ्याचा मालक नाही. केपटाऊनला पोचल्यावर धक्क्यावर मजुरी करायची, कोणाच्या दुकानात काम करायचं, हातगाडीवर भाजी आणि फळं विकायची, पैसे साठले की छोटंसं किराणा दुकान टाकायचं. आज त्यांची चौथी-पाचवी पिढी तिथे आहे, आणि काही घरांत अजून कोकणी बोलली जाते. केपटाऊन विद्यापीठातले राजेंद मेस्त्री आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी या भाषाशास्त्रज्ञांनी त्या कोकणीवर अभ्यास केलेला आहे.

ती कोकणी मी स्वतःच्या कानांनी ऐकली, डिसेंबरात त्या खाला आमच्या घरी आल्या तेव्हा. साठी ओलांडलेल्या, निवृत्त नर्स. चप्पल दाराशी काढता काढता म्हणाल्या, "मना कोकनी येते, पन जुनी येते." खरंच जुनी होती. माझी मरहूम दादी बोलायची तशी.

त्यांचं लहानपण केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स नावाच्या वस्तीत गेलं. फेब्रुवारी १९६६ मध्ये तिथल्या सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांची म्हणून जाहीर केली आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसांना तिथून उठवलं. घरांवर बुलडोझर फिरले. खालांचं कुटुंब शहराबाहेर फेकलं गेलं. सामान हलवताना दादांची ट्रंक कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. ट्रंकेबरोबर कागद गेले आणि कागदांबरोबर गावाचं नाव. घरात एवढंच उरलं, की आपण हबसाणचे.

निवृत्त झाल्यावर खाला केपटाऊनच्या सरकारी दफ्तरखान्यात जाऊन बसल्या. रोलंड स्ट्रीटवर जिथे पूर्वी तुरुंग होता, तिथे हे दफ्तर आहे. तिथून त्यांनी तीन कागदांच्या नकला आणल्या होत्या. त्या तीन कागदांवर आमचा सगळा शोध उभा राहिला, म्हणून ते नीट सांगते.

पहिला कागद १९०८ सालचा परवाना. १९०२ साली केप वसाहतीने परदेशातून येणाऱ्यांवर कायदा आणला. युरोपातली एखादी भाषा लिहिता येत नसेल तर नव्या माणसाला प्रवेश नाही. आधीपासून राहणाऱ्यांनाही गावी जाऊन यायचं असेल तर १९०६ च्या कायद्याने परवाना घ्यावा लागे. फी एक पौंड. परवान्यावर फोटो आणि अंगठ्याचे ठसे. दिलेल्या मुदतीत परत आलं नाही तर केपमध्ये राहण्याचा हक्क गेला. या परवान्यावर पणजोबांचा फोटो होता. डोक्यावर तुर्की टोपी, अंगात सैल कोट. कोट बहुधा फोटोपुरता मागून घेतलेला. वय ३५. मुक्काम केपमध्ये ११ वर्षं, म्हणजे १८९७ पासून. मुंबईत प्लेगने कहर केला होता ते दिवस. जन्मस्थान 'हबसाण', आणि त्यापुढे गावाचं नाव, इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं.

दुसरा कागद १९१० सालचा पत्रव्यवहार. गावाहून परत आल्यावर पणजोबांनी कोणाकडून तरी इंग्रजीत अर्ज लिहून घेतला होता. मजकूर असा की बायको आणि लहान मुलगी गावी आहे, त्यांना इकडे आणायचं आहे, कोणते कागद लागतील? खाली अंगठा. उत्तर दोन ओळींचं. निकाहाचा आणि नात्याचा पुरावा तिकडच्या अधिकाऱ्याकडून आणावा. त्यापुढे फाइलमध्ये काही नाही.

तिसरा कागद मृत्यूची नोंद, ऑक्टोबर १९१८. दक्षिण आफ्रिकेत माणूस वारला की एक छापील फॉर्म भरून द्यावा लागे. मयताचं नाव, जन्मस्थान, आईबापांची नावं, नवरा किंवा बायको, मुलं, मालमत्ता. आपल्या शोधासाठी याच्याहून मोलाचा कागद नाही. वडिलांचं नाव होतं. आईच्या नावाची जागा कोरी. बायको म्हणून केपमधल्या बाईचं नाव, आणि दोन मुलगे, एक सहा वर्षांचा, एक तीन वर्षांचा. सहा वर्षांचा मुलगा म्हणजे आमच्या पाहुण्या खालांचे दादा.

ऑक्टोबर १९१८ हे वाचल्यावर मला कारण विचारावं लागलं नाही. इन्फ्लुएन्झाची साथ. सप्टेंबरात फ्रीटाऊनहून सैनिकांना घेऊन आलेल्या जहाजांबरोबर ती केपटाऊनला पोचली आणि पुढच्या महिन्यात शहरात प्रेतं उचलायला माणसं पुरेनात. तीच साथ त्याच सुमारास मुंबईत आणि कोकणातही होती. जिकडे तिकडे माणसं मरत होती, तेव्हा कोण कोणाला पत्र लिहिणार?

आता गाव शोधायचं होतं. कारकुनाने लिहिलेलं नाव मी शिक्षकांच्या खोलीत पाच-सहा तऱ्हांनी मोठ्याने वाचून पाहिलं. इंग्रजाच्या कानाला 'ळ' ऐकू येत नाही, 'म्ह' ऐकू येत नाही. म्हसळ्याचं मसाला झालं तरी नवल नाही. शेवटी तीन गावांवर गाडी आली. तिन्ही ठिकाणच्या उर्दू शाळांच्या मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज देऊन जुनी रजिस्टरं पाहिली. मुलाचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव आणि आडनाव. केपमध्ये आडनाव कोणी विचारलं नाही. बापाचं नाव तेच आडनाव होऊन बसलं, आणि पुढच्या पिढ्यांना तेच चिकटलं. म्हणून पाहुण्या खालांचं आजचं आडनाव हे खरं म्हणजे त्यांच्या खापरपणजोबांचं पाळण्यातलं नाव आहे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या दोन मिनिटं गप्प बसल्या.

एका रजिस्टरात १९१९ साली दाखल झालेला एक मुलगा मिळाला. त्याच्या आजाचं नाव तेच. म्हणजे हा मुलगा आपल्या पणजोबांचा पुतण्या असू शकत होता. 'असू शकत होता' एवढंच. त्या नावाची माणसं प्रत्येक गावात चार-चार असतात. मग त्या गावच्या जमातीच्या जुन्या वह्या पाहिल्या. एका वहीत मशिदीच्या विहिरीच्या रहाटासाठी वर्गणी देणाऱ्यांची यादी होती. त्यात पणजोबांचं नाव, पुढे त्या मुलाचंच आडनाव, आणि कंसात लिहिलेलं 'केपवाले'. आता दोन धागे जुळले.

शिक्षकी सवयीने मी मनाशी एक नियम ठरवला आहे. एक कागद म्हणजे अंदाज, दोन कागद म्हणजे शक्यता, तिसरा मिळाला की मगच बोलावं. तिसरा कागद कोणत्याही दफ्तरात नव्हता. तो एका म्हाताऱ्या बाईच्या पेटीत होता.

त्या गावात नव्वदीला टेकलेल्या एक खाला आहेत. डोळे अधू, पण जीभ आणि आठवण शाबूत. त्यांना विचारलं, "खाला, तुमच्या घरातलं कोणी केपला गेलं होतं का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. सुनेला म्हणाल्या, "ती पत्र्याची पेटी काढ." पेटीत एका फडक्यात बांधलेल्या मनीऑर्डरच्या सात पावत्या होत्या. पाठवणाऱ्याचं नाव आमचंच, ठिकाण केपटाऊन. शेवटची पावती ऑगस्ट १९१८ ची.

"माझे नाना," खाला म्हणाल्या. "नानीला टाकून गेलेले."

दुसऱ्या दिवशी मी पाहुण्या खालांना घेऊन त्या घरी गेले. पडवीत चटई अंथरलेली, घरातली आणि शेजारची मिळून पंधरा-वीस माणसं. ज्यांच्या नावावर आज ते घर आणि वाडी आहे ते चाचाही येऊन खांबाला टेकून उभे. ते त्या रजिस्टरातल्या पुतण्याचे नातू. सलाम-दुआ झाली, पण चाचांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, हे लोक जमीन मागायला आलेत.

मी एकेक कागद वाचून मराठीत सांगू लागले. परवान्यावरचा फोटो खालांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. नानांचा चेहरा त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. मग मी १९१० चा अर्ज वाचला, बायको आणि मुलीला आणायचं आहे, कोणते कागद लागतील?

"हे त्यांनी लिहिलं?" खालांनी विचारलं.

"लिहून घेतलं. खाली त्यांचा अंगठा आहे."

"मुलगी म्हणजे माझी आई."

"हो."

"म्हणजे बोलावणार होते."

"बोलावणार होते, खाला. पण पुढे ते झालं नाही."

का झालं नाही, तेही सांगावं लागलं. कारण अर्धं सत्य सांगून म्हातारीला खूष करणं मला पटेना. मृत्यूच्या नोंदीतला मोठा मुलगा सहा वर्षांचा, म्हणजे १९११-१२ च्या सुमारास त्यांनी तिथे दुसरा निकाह केलेला होता. मग मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायालयात बाई मरियम यांचा खटला झाला. न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करायला मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न इथल्या कायद्याला मान्य नाही. हसन इसप यांची निकाह लावलेली बायको त्या निकालाने उंबऱ्याबाहेर राहिली. हिंदू-मुसलमान साऱ्या हिंदुस्थानी बायका एका निकालाने रखेल ठरल्या, म्हणून लोक चवताळून उठले. त्याच वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबा गांधी तुरुंगात गेल्या, त्याचं हेही एक कारण. १९१४ च्या कायद्याने तिढा सोडवला, पण एकाच बायकोपुरता. ज्याची एक बायको तिथे आहे, त्याला गावची दुसरी आणता येईना. आमच्या पणजोबांसाठी दार बंद झालं. ते बंद होण्यात सरकारचा हात होता, तसा त्यांचा स्वतःचाही होता. दोन्ही खरं आहे.

खाला थोडा वेळ गप्प होत्या. मग पाहुण्या खालांकडे वळून म्हणाल्या, "दुसरी केली ना त्यांनी?"

"हो," त्या म्हणाल्या. "मी तिचीच."

पडवीत कोणी हललं नाही. खालांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "तुझे दादा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. म्हणजे माझे मामू. तू माझ्या मामूची नात." आणि मग एकदम म्हणाल्या, "मला मामू होते! लहानपणी सगळ्या पोरींचे मामू ईदीला यायचे. माझे कोणी यायचे नाहीत. मला मामू होते, आणि मला आज कळतंय."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाकीच्यांनी डोळे पुसले, मीही पुसले.

पण खालांच्या मनात वेगळंच काही चाललं होतं. जरा वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं. "बेटी, ते कधी गेले म्हणालीस?"

"ऑक्टोबर १९१८."

"नानी गेली १९५१ ला. मी पंधरा वर्षांची होते. शेवटपर्यंत हातात बांगड्या, गळ्यात काळी पोत. लोक म्हणायचे, टाकलेली बाई आणि नटते कशाला? ती म्हणायची, माझा मालक जिता आहे." खालांचा आवाज कापायला लागला. "तिने इद्दत केली नाही. तिला कळलंच नव्हतं. तिच्यावर गुनाह तर नाही ना?"

विचार करा. तेहतीस वर्षं ती बाई विधवा होती आणि तिला ते माहीत नव्हतं. गावाने तिला 'टाकलेली' म्हटलं. मनीऑर्डर बंद झाली ते माणूस मेला म्हणून, आणि गावाने अर्थ लावला की माणूस विसरला. आणि तिची नात आज नव्वदीला येऊन घाबरत होती, की नानीच्या डोक्यावर काही राहून तर गेलं नाही?

याचं उत्तर देणारी मी कोण? मशिदीच्या मौलाना साहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी शांतपणे समजावलं. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस, आणि ती नवऱ्याच्या इंतकालाच्या दिवसापासून मोजतात. खबर उशिरा पोचली आणि तोवर मुदत होऊन गेली, तर इद्दत पुरी झाली. तुमच्या नानींवर काही राहिलेलं नाही. खालांनी हात वर करून अल्लाहचे आभार मानले. त्या दिवशी असरच्या नमाजनंतर मशिदीत पणजोबांसाठी मगफिरतची दुआ झाली, शंभराहून अधिक वर्षं उशिरा. घरात बायकांनी यासीन पढली, ती त्यांच्या दोन्ही बायकांसाठी.

आता चाचांचं सांगते. ते वाईट माणूस नाहीत. त्यांची भीतीही अगदीच खोटी नव्हती. मी गणिताची बाई नाही, पण वारशाचे हिस्से मलाही मांडता येतात. मयताच्या मागे दोन बायका, दोन मुलगे, एक मुलगी. बायकांचा मिळून आठवा भाग, दोघींत निम्मा-निम्मा. उरलेल्याचे पाच वाटे, मुलग्यांना दोन-दोन, मुलीला एक. चाळीस आणे धरले तर बायकांचे पाच, प्रत्येक मुलग्याचे चौदा, मुलीचे सात. पणजोबांचा या वाडीत भावाबरोबर निम्मा वाटा होता. तो कोणाच्याच नावावर चढला नाही. फेरफारात फक्त भाऊ, मग पुतण्या, मग त्याची मुलं. खालांच्या आईचं नाव कुठेच नाही. ती त्याच घरात वाढली, तिथूनच तिची डोली उठली, पण सातबाऱ्यावर ती कधी जन्मालाच आली नाही.

चहा झाल्यावर चाचांनी विषय काढलाच. "आपा, साफ बोलतो. तुम्हाला इथलं काही पाहिजे असेल तर आत्ताच सांगा."

पाहुण्या खाला त्यांच्या त्या जुन्या कोकणीत म्हणाल्या, की आम्हाला काही नको, आमच्या भावंडांनी तसं ठरवून मला पाठवलं आहे. आणि मग खालांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "पन हिच्या आयचा?"

चाचा काही बोलले नाहीत. कप खाली ठेवून आत गेले. पुढे त्या घरात काय ठरलं ते त्यांचं ते जाणोत, मी विचारलेलं नाही. पण तो प्रश्न मी बरोबर घेऊन आले. माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर माझ्या फुफींची नावं आहेत का, हे मी त्याच आठवड्यात पाहिलं. नाहीत. भावाशी बोलणं सुरू केलं आहे.

जाताना पाहुण्या खालांनी आपली वही उघडली. त्यात त्यांच्या खानदानाचा शजरा काढलेला होता. पणजोबांच्या नावाशेजारी एक चौकोन कोरा ठेवलेला. त्यात त्यांनी खालांना विचारून त्यांच्या नानीचं नाव लिहिलं, खाली मुलीचं लिहिलं, त्याखाली खालांचं. मग वही माझ्यापुढे धरली. "उर्दूत आन मराठीत पन लिवा. आमची पोरं शिकतील." मी लिहिलं.

आपल्याकडे शजरा म्हटलं की लोक अरबस्तानापर्यंत जातात. वीस-वीस पिढ्यांचे मर्द पाठ असतात, पण सख्ख्या पणजीचं नाव विचारलं तर घरात कोणाला सांगता येत नाही. खानदान शोधायचं ते बडेजावासाठी नव्हे. सिलारहमी, म्हणजे नाती जोडणं, आपल्यावर लाजिम आहे. आणि कोण आपलं आहे हे माहीतच नसेल तर जोडणार काय? शिवाय एखाद्या मेलेल्या बाईवर लागलेला बट्टा पुसायचा राहिलेला असतो. एखाद्या मुलीचा हिस्सा द्यायचा राहिलेला असतो. शोधायला बसलं की ही देणी समोर येतात. म्हणून पुष्कळ लोक शोधतच नाहीत, असंही मला आता वाटू लागलं आहे.

ज्यांना शोधायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी, माझ्या अनुभवातल्या.

सुरुवात दफ्तरातून करू नका, घरातल्या सर्वांत वयस्कर बाईपासून करा. आज, या ईदची वाट न पाहता. तिला सन-तारखा विचारू नका. "तुमच्या शादीला कोण कोण आलं होतं? मेहर किती होता? मुंबईला कोणाच्या खोलीवर उतरायचे?" असं विचारा आणि मोबाइलवर आवाज भरून ठेवा. पेट्या, ट्रंका, कुराणाच्या जुन्या गिलाफातले कागद पाहा. मनीऑर्डरची पावती, जहाजाचं तिकीट, पाठीमागे काही लिहिलेला फोटो, काहीही फेकू नका.

मग गावाकडचे कागद. शाळेचं जनरल रजिस्टर, तलाठी कार्यालयातले जुने फेरफार, जन्ममृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना १४, काजींकडची निकाहाची जुनी दफ्तरं, जमातीच्या वर्गणीच्या वह्या. जुने कागद मोडीत असले तर घाबरू नका, मोडी वाचणारे आजही मिळतात. बायका शाळेच्या रजिस्टरात सापडायच्या नाहीत. त्यांना निकाहाच्या नोंदीत आणि वारस नोंदीत शोधा. जातीच्या दाखल्यासाठी धावपळ करणाऱ्यांना हे कागद ओळखीचे आहेत. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तोही याच वह्यांतून निघतो.

माणूस परदेशी गेला असेल तर तिकडचे कागद पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या मृत्यूच्या नोंदींपैकी बऱ्याच आता फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पाहता येतात. कोकणातून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदी तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. प्रत्येकाचा नंबर, बापाचं नाव, गाव, जहाज. नाव मात्र एकाच स्पेलिंगने शोधू नका. महमूदचं मामोद आणि इस्माइलचं समाइल झालेलं असू शकतं.

आणि शेवटचं. जे सापडेल ते सगळं सांगायची तयारी ठेवा. दादांनी दुसरं घर केलं होतं, चाचांनी बहिणीचं नाव चढवलं नाही, हेही सापडणार. कोणाला उघडं पाडण्यासाठी सांगू नका, पण लपवूही नका. आमच्या खालांना नाना 'चांगले' ठरून हवे नव्हते. त्यांना खरं काय ते हवं होतं. ते कळल्यावर त्या म्हणाल्या, "आता मी नानीला वर गेल्यावर सांगेन, तो विसरला नव्हता. मेला होता."

गेल्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला होता. केपटाऊनहून दर जुम्याला व्हिडिओ कॉल येतो. खालांना दिसत नाही, पण त्या मोबाइलला तोंड लावून मोठ्याने विचारतात, "काय रांधलंस?" आणि तिकडून उत्तर येतं, जुन्या कोकणीत.

तुमच्या घरात असा कोणी दर्यापार गेलेला, परत न आलेला माणूस असेल, तर त्याच्याबद्दल मला जरूर लिहा. आणि लिहिताना मागे राहिलेल्या बाईचं नाव आधी लिहा.

अल्लाह हाफिज.